चेट्टियाराशेजारचं रोप

मी बोलतोय, भुईमुगाचं एक रोप. मी बियाण्यातून आलो नाही. तंजावूरच्या एका प्रयोगशाळेत हरिणीनं भुईमुगाच्या कोवळ्या पानाचा नखाएवढा तुकडा कापून बाटलीतल्या जेलीवर ठेवला, आणि त्यातून मी फुटलो. माझी भावंडं बुरशीनं गेली. हरिणीचं वर्षभराचं काम आता माझ्या एकट्यावर होतं.

माझं डोकं झाकणाला टेकलं. मला मातीत लावायची वेळ झाली, आणि नेमका तेव्हाच प्रयोगशाळेतला एसी बिघडला. वर नवरात्राची सुट्टी. हरिणीनं मला राजवाड्यामागच्या आपल्या घरी आणलं आणि ती कुंडी आणायला गेली.

ती परतली तेव्हा मी कोलूवर होतो. कोलू म्हणजे नवरात्रात बाहुल्या मांडायच्या पायऱ्या. तिच्या आजीनं, गंगाबाईंनी, मला काचेतली बाहुली समजून चेट्टियाराच्या शेजारी बसवलं होतं. चेट्टियार म्हणजे डाळ-तांदळाचं दुकान मांडून बसलेला, ढेरपोट्या मातीचा वाणी.

"आजी, ते रोप आहे! मातीत लावलं नाही तर मरेल."

"मांडलेली बाहुली विजयादशमीपर्यंत हलवत नाहीत. ठाऊक नाही गे तुला?"

"ती बाहुली नाही."

"मग आई कोण हिची?"

"पान."

"बाप?"

"नाही."

"अय्यो! बी नाही, बाप नाही, आणि म्हणे बाहुली नाही!"

आणि मी चेट्टियाराशेजारीच राहिलो.

रोज संध्याकाळी बायका येऊन माझ्यासमोर गायच्या. शेजारच्या भुवनामामी म्हणायच्या, "पानं किती खरी केलीत हो!" आणि हातातलं प्रसादाचं सुंडल खायच्या. उकडलेल्या शेंगदाण्यांचं, वर खोबरं. माझे नातेवाईक द्रोण भरभरून चालले होते आणि चेट्टियार हसत बसला होता. माझं खालचं पान पिवळं पडलं. हरिणी ते बघायची आणि जेवण अर्धं टाकून उठायची.

विजयादशमीला कोलूवरची एक बाहुली आडवी करून झोपवतात, मग दुसऱ्या दिवशी सगळ्या उतरवतात. गंगाबाईंनी मला निवडलं. "किती दिवस उभी आहे बिचारी." हरिणीनं डोळे मिटून घेतले. मी आडवा झालो, पण मला झोपायचं कसं ते कुठं येतं? सकाळपर्यंत माझा शेंडा वळून वर आला होता.

गंगाबाई दोन पावलं मागे सरल्या. "हरिणी! झोपवलेली उठून बसली गे!"

"तेच तर सांगत होते, आजी. जिवंत आहे ते."

"मग बघत कशास उभी राहिलीस? माती आण!"

माझ्या मुळांवरची जेली त्यांनीच कोमट पाण्यानं धुतली, तान्ह्या बाळाला न्हाऊ घालावं तशी. हरिणीनं मला कुंडीत लावून, ओलावा टिकावा म्हणून वर प्लास्टिकची पिशवी घातली.

आता मी अंगणात आहे. मातीखाली शेंगा धरल्यात. हरिणीला त्या बियाण्यासाठी हव्यात. गंगाबाईंनी मात्र येत्या कोलूवर माझी जागा राखून ठेवली आहे, आणि रोज कुंडीवर वाकून विचारतात, "भरल्या का गे?"

वाचकहो, तंजावूरला कोलू बघायला आलात तर माझ्यासमोर खुशाल गा. फक्त आजींना एवढं सांगा, यंदा सुंडल हरभऱ्याचं करा.