पिपल्याच्या तलावावरचा रविवार

प्रभाकरराव दिघे भुसावळहून रेल्वेच्या नोकरीत उज्जैनला आले तेव्हा त्यांना मासा ठाऊक होता तो फक्त ताटातला. माधव नगरात ज्या फडणिसांच्या माडीवर त्यांनी खोली घेतली, त्यांचा मुलगा गोपाळकृष्ण त्यांच्याच वयाचा निघाला. एका रविवारी त्यानं त्यांना सायकलवर डबलसीट घेतलं आणि बडनगर रस्त्यापलीकडच्या पिपल्याच्या तलावावर नेऊन सोडलं. तिथे बाभळीखाली गोपाळचे काका बसले होते. भय्यासाहेब फडणीस. घराण्यानं शिंद्यांच्या दरबारात दफ्तर सांभाळलेलं, पण भय्यासाहेबांची सारी कीर्ती पाण्याकाठची. रोहू आणि कतला हे दोनच मासे ते धरायचे. स्वतः कधी खायचे नाहीत.

भय्यासाहेब काठीकडे बघायचेच नाहीत. दोरा अंगठा आणि पहिल्या बोटाच्या चिमटीत धरून डोळे मिटून बसायचे. "मासा आधी आमिषाचा वास घेतो, मग ओठ लावतो, मग थुंकतो," ते सांगायचे. "ते तिन्ही बोटाला कळायला पाहिजे. तिसऱ्यांदा ओठ लावेल तेव्हा ओढायचं. त्याच्या आधी ओढलं तर तू अडाणी, नंतर ओढलं तर मासा शहाणा."

हे बोटात उतरायला प्रभाकररावांना चार वर्षं लागली. आमिषाचं पीठ मळायचं तेही तिथेच शिकले: सरकीची पेंड भाजून, तीत सत्तू आणि लाल मुंग्यांची अंडी. पावसाळ्यात, माशांच्या पोटात अंडी असताना, काठीला हात लावायचा नाही. आणि एका दिवसात एकच मासा घरी न्यायचा, बाकीचे पाण्यात. तो एक मासा प्रभाकररावांच्या घरी यायचा, कारण फडणिसांकडे मासा शिजणं शक्यच नव्हतं. पुढे प्रभाकररावांचं लग्न झालं, नानाखेड्याला घर झालं, आणि दर रविवारी दुपारी गोपाळ आईला न सांगता तिथे जेवायला येऊ लागला. शैलाताई त्याला तळलेला रोहू वाढायच्या आणि म्हणायच्या, "भाऊजी, काटे नीट काढा हं, तुम्हाला सवय नाही." चाळीस वर्षांनीही हेच म्हणायच्या.

भय्यासाहेब गेले. त्यांच्याकडे शिकलेले सातजण होते, त्यातले बाकीचे एकेक करून गेले किंवा थकले. उरले हे दोघंच. गोपाळ शाळेत गणित शिकवून निवृत्त झाला होता, बायको गेली होती. मुलगा अभिजीत इंग्लंडात, मुलगी मृणाल इथेच, गोपाळजवळ. आपण भय्यासाहेबांचं शेवटचं घराणं आहोत असं प्रभाकरराव अभिमानानं सांगायचे. गोपाळ हसायचा. "घराणं काय रे, गाणं थोडंच आहे हे!"

भांडण झालं ते अभिजीतनं पाठवलेल्या सामानावरून. करोना संपल्यावर तो पहिल्यांदा घरी आला आणि बापासाठी तिकडची सगळी मासेमारी घेऊन आला. दोन काळ्या, वजनाला पिसासारख्या काठ्या. त्या टेकवायला स्टँड. घडीची खुर्ची, हिरवी छत्री. आमिष गळाला टोचायचंच नाही, गळाच्या शेजारी केसाएवढ्या दोऱ्यावर लोंबकळत ठेवायचं; मासा ते चोखतो आणि शिशाच्या वजनानं आपणच गळात अडकतो. दोरा हलला की स्टँडवरचा अलार्म वाजतो. माणसानं खुर्चीत बसून पेपर वाचावा.

पहिल्याच रविवारी त्या अलार्मनं तलावभर टींऽऽ असा सूर धरला, आणि गोपाळनं उठून अकरा किलोचा कतला काठावर आणला. त्याच सामानातल्या ओल्या रबरी गादीवर ठेवला, फोटो काढला, ओठाला औषध लावलं आणि परत सोडून दिला. आनंदानं त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता.

"कसा वाटला, प्रभाकर?"

"कोण? मासा?" प्रभाकरराव म्हणाले. "तो तू कुठे धरलास? यंत्रानं धरला. तू फक्त उचलायला गेलास, हमालासारखा."

"अरे यार, छोड ना. सांधे दुखतात माझे. चार-चार तास चिमूट धरवत नाही आता."

"मग घरी बसावं. भय्यासाहेब असते तर तुला या काठावर उभं केलं नसतं."

गोपाळचा चेहरा उतरला. "ते माझे काका होते, प्रभाकर. मला नको सांगूस. त्यांनी मुंबईहून काठीला लावायचं पहिलं रीळ आणलं तेव्हा आजोबा त्यांच्याशी वर्षभर बोलले नव्हते, हे माहितीए तुला? घरातल्या माणसाला माहीत असतं. बाहेरच्याला फक्त भक्ती असते."

बाहेरच्याला. हा शब्द प्रभाकररावांच्या जिव्हारी लागला. त्यांनी सामान आवरलं आणि एकटेच बसनं घरी आले. त्या रविवारी शैलाताईंनी दोन ताटं वाढून ठेवली होती, त्यातलं एक उचलून ठेवलं.

गोपाळनं दोनदा फोन केला. प्रभाकररावांनी घेतला नाही. तिसऱ्यांदा मृणालचा आला, "काका, बाबा तुमच्याशिवाय जेवतात पण जेवल्यासारखे वाटत नाहीत हो." ते म्हणाले, "बघू." मग अडीच वर्षं गेली. दोघंही रविवारी पिपल्यालाच जायचे, कारण दोघांना दुसरं पाणी ठाऊक नव्हतं. गोपाळ बाभळीच्या अंगाला, प्रभाकरराव समोरच्या काठावर. मधे पाणी. अलार्म वाजला की प्रभाकररावांच्या कपाळाची शीर उडायची. गोपाळ कधीकधी हात हलवायचा. हे मान वळवायचे.

पितृपक्षातला रविवार होता, माशांच्या विणीचा पावसाळा उलटला होता. सकाळचे साडेसात-आठ वाजले असतील. पलीकडून अलार्म वाजला, आणि वाजतच राहिला.

प्रभाकररावांनी मान वर केली. हिरवी छत्री दिसत होती, खुर्ची रिकामी. गेला असेल झाडाआड, ते मनाशी म्हणाले. अलार्म थांबला, पुन्हा सुरू झाला. मासा दोरा घेऊन पळत होता, थकत होता, पुन्हा पळत होता. पाच मिनिटं झाली. दहा झाली.

आणि त्यांना कळलं. पुढे त्यांनी स्वतःला कितीही फसवलं, तरी कळलं होतं हे खरं. गोपाळनं उभ्या आयुष्यात गळाला लागलेल्या माशाला असं तडफडत ठेवलं नव्हतं. काहीतरी बिनसलं होतं. काठानं चालत गेलं तर वीस मिनिटांची वाट. ते उठून उभेही राहिले. हाक मारावी म्हणून तोंड उघडलं. पण अडीच वर्षांनंतर पहिली हाक आपण मारायची? आणि तो झाडामागून हसत बाहेर आला तर? मुद्दाम वाजू देतोय, मला डिवचायला, असं त्यांनी मनाला बजावलं. दोन-तीनदा बजावल्यावर ते खरं वाटू लागलं. त्यांनी दोरा गुंडाळला, पिशवी खांद्याला लावली आणि अलार्मकडे पाठ करून ते रस्त्याला लागले. बराच वेळ तो आवाज मागून येत होता.

मंगळवारी बातमी कळली. गोपाळला पक्षाघाताचा झटका आला होता, तलावावरच. उजवी बाजू गेली, वाचा गेली. म्हशी चारायला आलेल्या एका बाईनं तो आवाज ऐकला, कसला म्हणून बघायला गेली, तर हा खुर्चीमागे गवतात पडलेला. तोवर साडेनऊ वाजून गेले होते.

"डॉक्टर म्हणाले, तास-दीड तास आधी आणलं असतं तर बोलता-चालता आलं असतं," मृणालनं फोनवर सांगितलं आणि ती रडायला लागली. "काका, ते एकटेच होते हो. कुणीच नव्हतं तिथे."



गोपाळला घरी आणल्यापासून ते दर रविवारी माधव नगरला जाऊ लागले. शैलाताई डबा द्यायच्या. गोपाळ खिडकीशी पलंगावर असायचा, दाढी केलेला, स्वच्छ. त्याला एकच शब्द उरला होता. हां. चहा झाला का? हां. पाय दुखतोय? हां. मी कोण, ओळखलंस? हां. मृणाल कुठे गेली, देवळात की बाजारात? हां. डोळ्यांतून कधी काही समजल्यासारखं वाटायचं, कधी समोर नुसती भिंत.

"तुम्ही येता म्हणून रविवारी मी बाहेर पडू शकते, काका," मृणाल म्हणायची. ती टॉवर चौकातून आठवड्याची भाजी, औषधं आणायची. परत आली की आल्याचा चहा करायची. एकदा तिनं त्यांना वाकून नमस्कार केला. त्या रात्री प्रभाकररावांना जेवण गेलं नाही.

पाच महिने असे गेले. फेब्रुवारीतल्या एका रविवारी मृणाल बाहेर पडल्यावर त्यांनी खुर्ची पलंगाशी ओढली आणि गोपाळचा चांगला हात हातात घेतला.

"गोपाळ, मी होतो तिथे. समोरच होतो. अलार्म ऐकला मी. तुझं काहीतरी बिनसलंय हे कळलं होतं मला. तरी मी निघून गेलो."

गोपाळ त्यांच्याकडे बघत होता.

"मला माफ करशील?"

"हां," गोपाळ म्हणाला.

प्रभाकररावांना हुंदका आला. छातीवरचा दगड सरकल्यासारखं वाटलं. क्षणभरच. मग त्यांनी डोळे पुसले, आणि विचारू नये ते विचारलं.

"की माफ नाही करणार?"

"हां," गोपाळ म्हणाला. तसाच. त्याच सुरात.

ते बघतच राहिले. त्या चेहऱ्यावर राग नव्हता, दया नव्हती, काहीच नव्हतं. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ आली होती. ती त्यांनी रुमालानं टिपली.

मृणाल परत आली, तिनं भाजी ओट्यावर ठेवली, चहा टाकला. कप हातात घेतल्यावर प्रभाकररावांनी तिला सगळं सांगितलं. काही झाकलं नाही, काही सजवलं नाही. सांगून झाल्यावर त्यांना वाटलं, ही ओरडेल, कप फेकेल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

तिनं गॅसची शेगडी बंद केली.

"किती वाजले होते?" तिनं विचारलं.

"आठ. आठच्या आसपास."

"आठ," ती म्हणाली. बोटांवर काहीतरी मोजल्यासारखं केलं. "म्हणजे वेळेत झालं असतं, काका. सगळं झालं असतं."

"हो."

"पाच महिने मी तुम्हाला चहा देतेय."

प्रभाकररावांनी मान खाली घातली.

"तुमच्या दोघांचं काय भांडण होतं ते मी अभिजीतदादाला कितीदा विचारलं. तो म्हणायचा, काही नाही गं, मासे कसे धरायचे यावरून." तिचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "मासे कसे धरायचे यावरून!"

मग तिनं त्यांच्या हातातला कप काढून घेतला. चहा अर्धा राहिला होता. "काका, आता येऊ नका. काकूंना काय सांगायचं ते तुम्ही सांगा. मी नाही सांगणार. पण येऊ नका."

बाहेर पडताना त्यांनी खिडकीतून आत पाहिलं. गोपाळचं तोंड भिंतीकडे होतं. मृणालनं त्याला कुशीवर वळवलं होतं, पाठीला तेल लावायला.

पुढे मार्चमध्ये अपूर्व नावाच्या कुणा तिशीतल्या इंजिनिअरचा फोन आला. मासेमारीचा शौक असलेल्या मुलांचा त्यांचा एक ग्रुप होता, इंदूर-उज्जैनचा. सगळ्यांकडे महागडं सामान होतं, पण आता त्यांना जुनी, हाताची पद्धत शिकायची होती. कुणीतरी भय्यासाहेबांचं नाव सांगितलं होतं.

"काका, ती चिमटीची पद्धत येणारे आता तुम्ही एकटेच आहात म्हणे. एक दिवस दाखवा ना. आम्ही गाडी घेऊन घ्यायला येतो. व्हिडिओ करून ठेवू, म्हणजे हरवणार नाही."

ज्या फोनची प्रभाकररावांनी तीस वर्षं वाट पाहिली असती, तो हा होता. त्यांनी स्वतःच्या अंगठ्याकडे आणि बोटाकडे पाहिलं.

"ती फडणिसांच्या घरची विद्या," ते म्हणाले. "मी बाहेरचा."

"मग फडणिसांकडे कुणाला विचारू?"

"कुणी नाही तिथे," प्रभाकरराव म्हणाले आणि फोन ठेवला. अपूर्वनं नंतर दोनदा केला. त्यांनी उचलला नाही. काठ्या त्यांनी आधीच भंगारवाल्याला देऊन टाकल्या होत्या.

शैलाताईंना त्यांनी अजून सांगितलेलं नाही. रविवारी त्या सकाळी लवकर उठून डबा भरतात. भाऊजींना गिळायला त्रास होतो म्हणून मऊ खिचडी, वर साजूक तूप. "मृणालला म्हणावं, गरम करून भरव," त्या सांगतात. प्रभाकरराव डबा घेऊन निघतात. माधव नगरच्या रिक्षात बसत नाहीत, चालत नानाखेड्याच्या बस स्टँडवर जातात आणि सिमेंटच्या बाकावर बसतात. बडनगरची बस लागते, भरते, निघून जाते. अकराच्या सुमाराला ते डबा उघडतात आणि कोपऱ्यातल्या कुत्र्यांपुढे खिचडी ओततात. नळावर डबा विसळतात.

घरी आल्यावर शैलाताई विचारतात, "खाल्लं का भाऊजींनी?"

"सगळं," ते म्हणतात.

"बरं झालं. पुढच्या रविवारी थोडी जास्तच देते."