चौदा सप्टेंबरचा भाव

मुलुंड पूर्वेच्या आनंदवल्ली सोसायटीच्या हॉलमध्ये त्या रविवारी एवढी माणसं जमली होती की, वार्षिक सभेचा कोरम भरवण्यासाठी दरवर्षी दारोदार फिरणाऱ्या सेक्रेटरी परबांना भरून आलं. समोर पाटावर भावेश्वर महाराज बसले होते. अंगात रेशमी कुर्ता, कपाळावर ठसठशीत गंध आणि मांडीवर २०११ सालची एक जुनी डायरी. विमा कंपन्या फुकट वाटतात तसली, कोपरे झिजलेली.

"बोला, त्या सालची कुठलीही तारीख बोला," महाराज म्हणाले. "रोज पहाटे चार वाजता देवी माझ्या कानात उत्तुंग बँकेच्या शेअरचा त्या संध्याकाळचा भाव सांगायची. मी स्नान करून लिहून ठेवायचो. बाजार उघडायच्या आधी आमचा बाजार बंद झालेला असायचा."

लोक हसले. हसलेला माणूस निम्मा पटलेला असतो, हे महाराजांना पक्कं ठाऊक होतं.

"नऊ मे," परब म्हणाले. तो त्यांच्या लग्नाचा वाढदिवस.

महाराजांनी पान उलटलं. "एकशे सत्त्याऐंशी रुपये चाळीस पैसे. आता कोणीतरी ताडून बघा. माझा माणूस नको, तुमच्यातलाच."

तळमजल्यावरचे सुबोध निकाळजे उठले. हा मेडिकलचं दुकान चालवणारा, तारीख पाहिल्याशिवाय बिस्किटसुद्धा तोंडात न टाकणारा माणूस. त्यांनी स्वतःच्या मोबाईलवर बँकेच्या शेअरचे जुने भाव काढले, नऊ मे शोधली, चष्मा वर करून पुन्हा पाहिलं.

"एकशे सत्त्याऐंशी चाळीस," ते पडेल आवाजात म्हणाले. "मोबाईल माझा, बोट माझं. आता काय बोलणार?"

मग झुंबड उडाली. कोणाची मुंज, कोणाचा गृहप्रवेश, सगळ्या तारखा निघाल्या आणि सगळे भाव पैशापर्यंत जुळले. एकाने पंधरा ऑगस्ट म्हटलं, तर पान कोरं. "त्या दिवशी बाजारालाही सुट्टी आणि देवीलाही," महाराज म्हणाले. त्यालाही टाळ्या पडल्या.

तिसऱ्या रांगेतून चंद्रप्रकाश घाडीने हात वर केला. "चौदा सप्टेंबर." त्याच्या लेकीचा, श्रुतिकाचा, जन्मदिवस.

"दोनशे चौदा," महाराज म्हणाले.

"दोनशे चौदाच," निकाळजे म्हणाले.

चंद्रप्रकाशने शेजारी बसलेल्या बायकोकडे, पद्मजाकडे, असं पाहिलं, जणू काही तो भाव त्यानेच लावला होता.

शेवटी महाराजांनी लाल कापडात गाठ मारून बांधलेली दुसरी डायरी वर धरली. ती चालू सालची, २०२६ ची. "ते साल पुरावा, हे साल प्रसाद. पुढच्या रविवारी जे संकल्पाचा चेक देतील, त्यांच्यासाठी ही गाठ सुटेल. व्यवहार मी करीन, तीन महिन्यांत दुप्पट फळ तुमचं."

देवी रोज एवढं सांगत होती, तर महाराजांनी तेव्हाच चार शेअर घेऊन का ठेवले नाहीत, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही. पद्मजाला सुचलं, पण जिना चढताना.

घरात अर्धं सामान खोक्यांत भरलेलं होतं. इमारत पाडून नवी बांधायची होती, महिनाअखेर खोली रिकामी करायची होती आणि बिल्डरने वर्षाचं घरभाडं एकदम देऊन टाकलं होतं. चंद्रप्रकाशचा डोळा नेमका त्या रकमेवर होता.

"अहो, ते गेलं तर राहायचं कुठे? फुटपाथवर? श्रुतिकाची दहावी आहे यंदा."

"तीन महिन्यांत दुप्पट होतात गं. निकाळजेने बघितलं ना स्वतः? तो तर कशावर विश्वास ठेवत नाही."

आकडे खरंच जुळले होते. खोटं वाटतंय पण खोटं कुठे आहे ते सापडत नाही, याची पद्मजाला मनापासून भीती वाटली.

दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसून बसून तिला एक सवय लागली होती. काही अडलं की फाईल काढायची. तिने श्रुतिकाची फाईल काढली. जन्माचा दाखला, लसीचं कार्ड, आणि त्याखाली तात्यांचा कागद. तात्या म्हणजे तिचे सासरे. गिरणी बंद पडल्यावर ते घाटकोपरला एका शेअर दलालाच्या ऑफिसात शिपाई होते. नात झाली त्या दिवशी पेढे वाटायच्या आधी त्यांनी तिच्यासाठी म्हणून उत्तुंग बँकेचे दोन शेअर घेतले होते. दलालाची छापील पावती होती: चौदा सप्टेंबर २०११, शेअर दोन, दर एक हजार बासष्ट. मागे तात्यांच्या वाकड्या अक्षरात लिहिलेलं: 'सांजेक भाव १०७०. चेडू पायगुणाचा.' म्हणजे संध्याकाळचा भाव, आणि पोरगी पायगुणाची.

एक हजार सत्तर. आणि हॉलमध्ये दोनशे चौदा.

"तात्यांनी चुकून लिहिलं असेल," चंद्रप्रकाश म्हणाला.

"तात्यांची चूक होईल. छापलेल्या दराची कशी होईल?"

"म्हणजे निकाळजेचा मोबाईल चुकला? तू ना, देवाकडेही पावती मागशील."

"मागीन. चेक द्यायचा असेल तर मागीनच."



शुक्रवारी संध्याकाळी पद्मजाच्या मोबाईलवर मेसेज आला. उत्तुंग बँकेने एका शेअरवर एक शेअर बोनस दिला होता, आणि श्रुतिकाच्या नावावरच्या दहा शेअरचे वीस झाले होते.

"आई, आजोबांनी तर दोनच घेतले होते," श्रुतिका म्हणाली. "दहा कधी झाले?"

पद्मजाने पुन्हा फाईल उघडली. २०१८ सालचं बँकेचं पत्र निघालं. तेव्हा बँकेने प्रत्येक शेअरचे पाच तुकडे केले होते. तोवर श्रुतिकाने मोबाईलवर जुने भाव काढले आणि ती एकदम थांबली.

"आई, चौदा सप्टेंबर २०११ ला आता एकशे सात दाखवतोय."

"अगं, रविवारी दोनशे चौदा होता."

"तेच ना. होऊन गेलेला दिवस असा कसा बदलेल?"

दोघी खोक्यांच्या मध्ये जमिनीवर बसल्या. श्रुतिकाने आलेखाखालची बारीक अक्षरं मोठी करून वाचली, वहीत दोन भागाकार केले, आणि हसायला लागली. पद्मजाने तात्यांचा कागद आणि बँकेचं पत्र पिशवीत घातलं.

रविवारी चंद्रप्रकाश खिशात चेक घालून पहिल्या रांगेत बसला, पद्मजा आणि श्रुतिका मागे. महाराजांनी सुरुवातच केली, "आज परीक्षा नाही. आज फक्त संकल्प."

पद्मजा उभी राहिली. "महाराज, एकच तारीख. चौदा सप्टेंबर. लेकीचा वाढदिवस आहे, नाही म्हणू नका."

एवढ्या लोकांसमोर नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. महाराजांनी पान काढलं. "दोनशे चौदा."

"हे तुम्ही त्याच दिवशी लिहिलंत?"

"पहाटे चारला. स्नान करून."

"नंतर काही खाडाखोड?"

"देवीच्या शब्दाला खाडाखोड नसते, ताई."

"मग हे बघा." तिने कागद निकाळजेंच्या हातात दिला. त्यांनी मोठ्याने वाचला. एक हजार बासष्ट म्हटल्यावर हॉलमध्ये कुजबुज झाली.

"तेव्हा हा शेअर हजाराच्या घरात होता," पद्मजा म्हणाली. "२०१८ साली बँकेने एकाचे पाच केले. नारळाची मोठी वडी कापून पाच केल्या, तर एकेकीची किंमत पाचवा हिस्सा. पण मागचे भाव तसेच ठेवले असते, तर आलेख बघणाऱ्याला वाटलं असतं की शेअर एका दिवसात कोसळला. म्हणून मोबाईलवर मागचे सगळे भावही पाचाने भागून दाखवतात. एक हजार सत्तर भागिले पाच, दोनशे चौदा. २०११ साली त्या भावात हा शेअर कोणी विकत नव्हतं. म्हणजे डायरी जुनी आहे, आकडे नंतर मोबाईलवरून उतरवलेत."

महाराज कच्च्या गुरूचे चेले नव्हते. ते गोड हसले. "देवीला काळ नसतो, ताई. तिने सात वर्षं आधीच ती वाटणी पाहिली."

दोन-चार माना डोलल्या. चंद्रप्रकाशचीही डोलली.

"असेल बाई," पद्मजा म्हणाली. "निकाळजे, आज काय दाखवतोय बघा जरा."

निकाळजेंनी पाहिलं, चष्मा वर केला, पुन्हा पाहिलं. "एकशे सात."

"नीट बघ रे," परब म्हणाले.

"एकशे सातच. तुमचा नऊ मेसुद्धा निम्मा झालाय, परब. त्र्याण्णव सत्तर."

"परवाच बँकेने एकावर एक बोनस दिला," पद्मजा म्हणाली. "म्हणून मागचे सगळे भाव पुन्हा निम्मे झाले. देवीला २०११ मध्ये बसून २०१८ दिसलं, महाराज. मग मागचा आठवडा कसा नाही दिसला?"

महाराजांनी डायरीकडे पाहिलं, मग दाराकडे. भांडुपला दुसरा कार्यक्रम असल्याचं त्यांना तेवढ्यात आठवलं. घाईत लाल कापड मागेच राहिलं. परबांनी गाठ सोडली, तर आत कोरी करकरीत डायरी, दुकानदाराने लावलेली किमतीची चिठ्ठीसुद्धा तशीच.

"पण माझ्या मोबाईलवर जुळत होतं ना यार," निकाळजे ओशाळून म्हणाले.

"जुळणारच. त्यांनी जिथून उतरवलं, तिथेच तुम्ही तपासलंत. एकमेकांचं बघून लिहिलेल्या दोन पेपरांची उत्तरं जुळतात, म्हणून ती बरोबर ठरत नाहीत." पद्मजाने सगळ्यांकडे पाहिलं. "मी काही बाजारातली नाही, दवाखान्यात नंबर लावते. पण आकडा जुळला की लगेच मान डोलवू नका. तो कोणी लिहिला, कधी लिहिला, कुठून घेतला, एवढं विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत. न विचारण्यात माझं घर जात होतं."

हॉल रिकामा होईपर्यंत चंद्रप्रकाश जागचा उठला नाही. मग त्याने खिशातून चेक काढला, फाडला आणि तात्यांचा कागद मागून घेतला. मागची ओळ त्याने दोनदा वाचली.

"तात्यांनी तरी त्याच दिवशी लिहिलं होतं," तो हळूच म्हणाला.

"बाबा, म्हणजे माझा पायगुणही खोटा?" श्रुतिकाने विचारलं.

"खोटाच गं," पद्मजा म्हणाली. "शेअर आठ रुपयांनी चढला तो बाजारामुळे. तू नुसती रडत होतीस. पण त्या दिवशी तुझे आजोबा फार खूश होते, एवढं मात्र या कागदावरून सिद्ध होतं."

चंद्रप्रकाशने कागद नीट घडी करून तिच्या हातात दिला. घरी आल्यावर तिने तो फाईलमध्ये लसीच्या कार्डाखाली परत ठेवला, आणि भाड्याची खोली बघायला तिघं निघाली.