राखलेली जांभूळ

आमच्या शकुबाईला नियमांचं भारी वेड. मी तिची धाकटी जाऊ, गोकुळा. चुली वेगळ्या असल्या तरी अंगण एकच, आणि त्या अंगणात आमचा अर्धा जन्म गेला, तेव्हा हे बोलायचा मला पुरता हक्क आहे. कोंबड्यांनी डालग्यात कधी शिरायचं इथपासून ते पाहुण्यानं चपला कुठं काढायच्या इथपर्यंत सगळ्याला तिचा नियम. तिचा नवरा बिचारा नियम पाळून पाळून अबोल झाला. बाई चांगली आहे, पण तिच्याशी भांडायचं तर आधी पोटभर जेवून घ्यावं लागतं.

गावाला जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला तेव्हा ग्रामसभेच्या वनसमितीचं अध्यक्षपद तिच्याकडे जाणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. गावाचं म्हणणं असं की घरच्यांना जे सोसावं लागतं ते थोडं जंगलालाही सोसू द्या.

आमच्या गावाच्या खालच्या अंगाला नाला आहे. दोन्ही काठांना जांभळीची दाट रांग, आणि मध्ये उंचच उंच जुने अर्जुन. तिथंच आमच्या देवाचं ठाणं. दरवर्षी जेठात बाया नाल्याचं पाणी घागरीत भरतात, देवाला घालतात, आणि मग पेरणीचं बोलणं सुरू होतं. त्या अर्जुनावर गिधाडांनी घरटं केलं. किती वर्षांत गिधाड दिसलं नव्हतं. म्हातारी माणसं माना वर करून हसायला लागली. गिधाड पाहून हसणारं गाव आमचंच असेल.

बातमी वनखात्यापर्यंत गेली. साहेब लोक आले, दुर्बिणीतून पाहिलं, खूश झाले आणि म्हणाले, हा नाल्याचा पट्टा गिधाडांसाठी वेगळा काढू, कुंपण घालू. माणसं भली होती, पक्ष्याच्या काळजीनंच बोलत होती. पण कुंपण म्हटल्यावर बायांचे चेहरे उतरले. कुंपणाला फाटक असतं, फाटकाला कुलूप असतं, आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात असते. आपल्याच देवाला पाणी घालायला उद्या परवानगी मागावी लागली असती.

शकुबाई उभी राहिली. "साहेब, कायद्यात ग्रामसभेची संमती लागते, ते आमाले मालूम हाय. आनि जंगलातल्या जीवाले राखाचं काम बी ग्रामसभेलेच देल्लं हाय. मंग कुंपन कायले? आमीच राखतो. एक हंगाम पाहा. पिल्लू उडालं नाई, नाईतं झाडं तुटली, तं तुमचं कुंपन घाला. मी सोता खड्डे खंदून देतो."

साहेबांनी मान्य केलं. पिल्लू उडायच्या सुमारास येऊन पाहू, म्हणाले.

त्या दिवसापासून नाल्याच्या अलीकडे चुन्यानं रंगवलेले दगड मांडले गेले. पिल्लू उडेपर्यंत दगडांच्या पलीकडे माणूस बंद, कुऱ्हाड बंद. जो मोडेल त्यानं तिथं बसून राखण करायची. पहिला सापडला वारलूभाऊ. गावातला सगळ्यात वयस्कर माणूस, पण कुऱ्हाडीला दांडा हवा म्हणून एक फांदी तोडली. शकुबाईनं त्याला माघाच्या थंडीत पंधरवडाभर दगडांपाशी बसवलं. वारलूभाऊ बसला, पण येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिला, "बसतो ना बाप्पा. आज मी हाव. तिच्या घरचा कोनी सापडू दे, मंग पाहू."

आता शकुबाईच्या घरचा कोण सापडणार? नवरा अबोल, मुलगा बिरजू गरीब गायीसारखा. आम्ही सगळे निर्धास्त होतो.

चैत्रात बिरजूचं लग्न ठरलं. आमच्यात वरात मुलीकडून येते आणि लग्न मुलाच्या दारात लागतं. मांडवाचे डहाळे आणायचा मान जावयाचा. शकुबाईची मुलगी मोनाली चामोर्शीकडे दिलेली. तिचा नवरा प्रणित तिथं दुकानात पंपाच्या जळालेल्या मोटारी तारेनं पुन्हा भरून देतो. उत्साही इतका की पाणी मागितलं तर विहीर खोदायला निघेल. सासूवर तर त्याचा भलताच जीव. सासू काही बोलली की हा ते काळजावर कोरून घेतो.

मांडवाच्या दिवशी सकाळी ट्रॅक्टरचा आवाज आला. आम्ही बाया हळद कुटत होतो, तशाच उठून बाहेर धावलो. ट्रॅक्टर दिसतच नव्हता, नुसतं हिरवं जंगल रस्त्यानं चालत आलं होतं. जांभळीचे असे दाट, काळेभोर, लवलवते डहाळे की त्यांच्यात नाल्यावरची सगळी सावली धरून ठेवली असावी. वर प्रणित आणि त्याचे मित्र बसलेले. डोक्याला फेटा. गावातल्या पोरी टाळ्या वाजवायला लागल्या. मित्रांनी घटकाभरात डहाळे मांडवावर चढवले. असा मांडव आमच्या गावात झाला नव्हता.

"जवाईबापू," मी विचारलं, "एवढी जांभूळ कुठी भेटली?"

"काकी, तुमच्याच नाल्यावर," प्रणित छाती फुगवून म्हणाला. "राखलेलीच आनली."

अंगणात वाजणारं एक एक भांडं थांबलं. शकुबाईच्या हातात हळदीची परात होती. तिनं ती सावकाश खाली ठेवली. मांडवाकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं, आणि चपला न घालताच नाल्याकडे निघाली. मागून मी, माझ्यामागून काठी टेकत वारलूभाऊ, आणि त्याच्यामागून निम्मे पाहुणे.

वाटेत ती भराभर पुढं चालत होती. मला मात्र तिच्या पोटातलं सगळं ऐकू येत होतं. पिल्लाला टाकून गिधाड उडून गेलं असेल, तर कुंपण येणार. आणि तिच्याच मुलाच्या मांडवापायी येणार. गावातल्या बायांपासून तोंड कुठल्या पदराआड लपवायचं? मला तिची दया आली. तिच्याबद्दल मला दया सहसा येत नाही, म्हणून सांगते.

चुन्याच्या दगडांपाशी आम्ही थांबलो. डहाळे अलीकडच्या टोकाच्या जांभळींचे तोडले होते, झाडं मात्र शाबूत उभी होती. अर्जुन तिथून बराच आत. आम्ही डोळे ताणले. घरट्यात काही हलेना. वारलूभाऊनं कपाळावर हात धरला आणि बराच वेळ पाहत राहिला.

"हाय," तो म्हणाला. "मान काढून राह्यलं. बाजूले माय बसली हाय."

मग आम्हा सगळ्यांनाच दिसलं. टक्कल पडलेलं, कुरूप, पिसं विस्कटलेलं ते पोर, आणि त्याच्याइतकं देखणं मी काही पाहिलं नव्हतं. शकुबाई तिथंच मातीत बसली आणि पदरानं तोंड पुसत राहिली. हळदीचे हात होते, सगळं तोंड पिवळं झालं.

परत येताना तिचं चालणं बदललेलं होतं. पिल्लू वाचलं होतं, पण नियम मोडला होता. अंगणात पोचताच ती म्हणाली, "हळद नंतर. आधी सभा बसन."

"अवं बाई," मी म्हणाले, "जवाई हाय तो. आज त्याचे पाय धुवाचे हायेत. विहीनबाई काय म्हनन?"

"पाय धुऊ ना. सभा झाल्यावर धुऊ."

त्याच मांडवाखाली सभा बसली. वर तोडलेली जांभूळ, खाली तोडणारा. शकुबाई पुढे येऊन म्हणाली, "आज मी अध्यक्ष नाई. आज मी आरोपीची सासू हाव. निवाडा वारलूभाऊ करन."

वारलूभाऊचा दिवस उगवला होता. त्यानं धोतर सावरलं, घसा साफ केला, आणि प्रणितला समोर उभं केलं. प्रणितचा फेटा एका कानावर आला होता. त्याला अजून कळलंच नव्हतं की आपण केलं काय.

"जवाई, दगड दिसले नाई का तुले?"

"दिसले ना भाऊ."

"मंग काऊन गेलास आत?"

"दगड दिसले म्हूनच तं गेलो." प्रणितनं सासूकडे पाहिलं, तिला तो मामी म्हणतो. "मामीनंच फोनवर सांगतलं होतं. नाल्यावरची जांभूळ राखून ठेवली हाय, कोनाची कुऱ्हाड लागू देल्ली नाई, असं म्हनल्या. मले वाटलं, लगन घरात, मांडव आनाचा मान माझा, तं मामीनं माझ्यासाठीच राखून ठेवली. चुना लावून खूनबी करून ठेवली. दुसरीकडची आनली असती तं मामीले वाईट नसतं वाटलं का?"

मग मीच फुटले. मला हसू आवरत नाही, हा माझा जुना रोग. माझ्यामागून सगळं अंगण हसलं. चुकलं कोण ते कोणाला सांगता येईना. शकुबाईनं जांभूळ राखली होती, आणि पोरानं तिला राखलेलीच जांभूळ आणून दिली होती. जावयासाठी वडी राखतात, मासा राखतात, मग जांभूळ का नाही? शकुबाईचा अबोल नवरा एवढा हसला की त्याला ठसका लागला.

शकुबाई मात्र हसली नाही. "शब्द माझा होता," ती म्हणाली. "पन कुऱ्हाड त्याची होती. वारलूभाऊ, तुमाले बसवलं तसं यालेबी बसवा. माझा जवाई म्हून सोडला, तं उद्या हा नियम कोनी पाळनार नाई. आनि पाळू बी नये."

वारलूभाऊ हातातली काठी फिरवत बसला. इतके दिवस ज्या घडीची वाट पाहिली ती हातात आली, आणि आता त्याला ती कुठं ठेवावी ते सुचेना. शेवटी त्याच्या मिशा हलल्या.

"तोडलेला डहाळा झाडाले चिकटत नाई. मांडव राहू द्या, पोराचं लगन याच्याखालीच होईन," तो म्हणाला. "पन जवाई, तुले शिक्षा हाय. आमच्यात पहिले पोरगा सासऱ्याच्या घरी राहून काम करे, तवा त्याले पोरगी भेटे. त्याले लमझना म्हनत. तुले पोरगी फुकट भेटली. ते राहून गेलेलं काम आता कर. पिल्लू उडेपर्यंत तू आमच्या गावचा लमझना. सासऱ्याच्या घरी जेवाचं आनि गिधाडाची राखन कराची."

मोनालीनं पदराआड तोंड लपवलं, पण डोळे लपवता आले नाहीत. लग्न झाल्यापासून पोरगी माहेरी अशी कधी राहिली नव्हती. शिक्षा नवऱ्याला झाली आणि सुट्टी बायकोला लागली.

"मले चालते," प्रणित म्हणाला. "दुकान भाऊ पाहीन. पन मामी, तुमी मनावर नका घेऊ."

तेव्हा कुठं शकुबाई हसली. मग पाय धुतले, हळद लागली, ढोल वाजला, आणि दुसऱ्या दिवशी बिरजूचं लग्न त्या मांडवाखाली असं झालं की पाहुणे निघायचं नाव घेईनात.

प्रणित राखणीला बसला, आणि त्यानं ती राखण डोक्यावरच घेतली. शेळी दगडांजवळ आली तरी तिला समजावून सांगायचा. एकदा शकुबाई त्याला भाकरी आणि अंबाडीची भाजी घेऊन गेली आणि बोलता बोलता तिचा पाय दगडाच्या पलीकडे पडला.

"मामी, मांगं सरका," प्रणित उठून उभा राहिला.

"अरे, मी हाव."

"तुमी हाव म्हून तं सांगून राह्यलो. जवाई सुटला नाई, तं सासू कशी सुटन?"

शकुबाई मागे सरकली. घरी येऊन मला हे सांगताना ती रागावल्यासारखं करत होती, पण भाकरीचं पीठ मळता मळता तिनं तीच गोष्ट मला परत सांगितली.

मग एके दिवशी साहेब लोक आले. त्यांची गाडी दगडांपाशी पोचली तेव्हा प्रणित हात आडवे करून उभा. "साहेब, गाडी इथीच. पिल्लू आज फांदीवर येऊन बसलं हाय, भेवाडू नका." साहेब खाली उतरले, झाडाआडून दुर्बीण लावली. आम्ही बाया लांब उभ्या होतो. तेवढ्यात ते पिल्लू फांदीवरून पडल्यासारखं झुकलं, माझ्या तोंडातून आवाज निघाला, आणि पंख उघडून ते नाल्यावरून सरळ पलीकडच्या डोंगराकडे गेलं.

साहेबांनी दुर्बीण खाली घेतली. त्यांचे डोळे ओले होते, ते मी पाहिलं.

"कुंपणाचं इथं काही काम नाही," ते म्हणाले. "हा तुमचा रखवालदार कोण?"

"आमचा आरोपी," वारलूभाऊ म्हणाला.

"आमचा लमझना," शकुबाई म्हणाली, आणि पहिल्यांदाच चारचौघांत तिनं जावयाच्या पाठीवर हात ठेवला.

जेठात आम्ही घागरी घेऊन नाल्यावर गेलो. शकुबाई पुढे. दगडांपाशी ती सवयीनं थांबली, इकडेतिकडे पाहिलं. नाल्यावर कोणी नव्हतं, कोणाला विचारायचं नव्हतं. तिनं घागर डोक्यावरून काखेत घेतली, दगड ओलांडला आणि पाण्यात उतरली. मागून आम्ही सगळ्या उतरलो. देवाला पाणी घालताना ती रडत होती आणि हसतही होती, आणि ते कसं करायचं याचा तिच्याकडे काही नियम नव्हता.