वरच्या थरातला सरस

चार वाजता पुतणीचं चित्र प्रदर्शनाला न्यायला गाडी येणार होती, आणि सव्वाअकराला मला एका जुन्या पुस्तकात ते पान सापडलं.

तीन महिन्यांपूर्वी तिला मीच सांगितलं होतं: फळीवर खडूची पूड आणि गरम सरस यांचे थर देतेस ना, तर वरच्या थरात सरस थोडा वाढव. आयुष्यभर ग्रंथपाल होतो, हातात कधी ब्रश धरला नाही. पण जुन्या चित्रकारांच्या कृती मला तोंडपाठ आहेत, असा माझा समज. त्या पानावर नेमकं उलट होतं. वरचा थर जास्त कडक झाला की तो सुटतो.

पुस्तक काखेत मारून तिच्याकडे निघालो. वाटेत दोनदा थांबलो. कदाचित तिने ऐकलंच नसेल. माझं ऐकतं कोण.

ती अंड्याच्या बलकात रंग घोटत होती. फळीवर रंगवलेलं बहुमजली पार्किंग: रिकामं, राखाडी, हजारो बारीक रेघांनी आतून उजळलेलं.

"काका, केवढा घाम. बसा. फक्त सही राहिलीय."

मी बसलो, उठलो, खिडकी लावली.

"राहू द्या उघडी, वाळायचंय. काय झालं?"

"काही नाही. म्हणजे, सरस."

मी पान पुढे धरलं. तिने वाचलं. चिकटपट्टीचा तुकडा चित्राच्या कोपऱ्यावर दाबून ओढला. पट्टीबरोबर नखाएवढा राखाडी पापुद्रा आला, मागे पांढरा थर घेऊन.

"आज सापडलं?"

"हो. गप्प बसलो असतो तर निदान..."

"तर तिथे भिंतीवरून गळलं असतं. लोकांना वाटलं असतं, यालाच नवी कला म्हणतात." ती हसली नाही.

तिने प्रदर्शनवाल्यांना फोन लावला. "चित्र येत नाही. नाही, दुसरं नाही."

मी हळूच पुस्तक उचललं.

"कुठे निघालात? थर कुणाचा?" तिने हातात सँडपेपर दिला. "वरचे दोन थर निघेपर्यंत घासा. एकाच दिशेने."

"मला जमेल?"

"नाही जमणार. घासा."

चित्रातल्या दुसऱ्या मजल्यापासून सुरुवात केली. तिची एकेक रेघ माझ्या बोटांखाली पुसली जात होती. चष्म्यावर राखाडी भुकटी बसली. चारला खाली हॉर्न वाजला. गाडीवाल्याला कुणी कळवलंच नव्हतं. मी लगबगीने खिडकीकडे निघालो.

"वाजू दे," ती म्हणाली. "तो कोपरा राहिलाय तुमचा."