उरलेली अर्धी माळ

धोंडाबाईंनी कात्री सुनेपुढं सरकवली.

"काप. बगू तरी, पुण्यात तुला डॉक्टर कशापायी म्हणत्यात. नाडी तर बगता येत न्हाई."

शिवानी सकाळच्या एस्टीनं गडाखालच्या पालीला, सासरी आली होती. दोनदा चहा झाला तरी तोंडून शब्द फुटला नव्हता. तिला दुसरं लग्न करायचं होतं. गावाला ते कधीच कळलं होतं; धोंडाबाईंना ते सुनेच्याच तोंडून ऐकायचं होतं, म्हणून त्याही मुद्दाम विचारत नव्हत्या. धोंडाबाईंचा मुलगा गोरख वळणावर मोटारसायकल घसरून गेला, त्याला तिसरं साल लागलं होतं. तेव्हापासून दर शनिवारी ही येई आणि सासूजवळ बसून माळा ओवी. रविवारी गडावर चढणारे त्या वरच्या पद्मावती देवीला नेत.

शिवानीनं दोन माळा शेजारी शेजारी अंथरल्या.

"आत्या, माणसाच्या अंगात असा बारीक धागा असतो. त्यावर चारच अक्षरं, पुन्हा पुन्हा ओवलेली. ही तुमची फुलं तशी. आणि जंतूंच्या अंगातले काही रस कात्रीसारखे असतात. ते कुठंही कापत नाहीत. झेंडूला लागून शेवंती आली, की तिथंच."

तिनं दोन्ही माळा तशा जागी कापल्या. एकीचं डोकं घेतलं, दुसरीची शेपटी घेतली आणि गाठ मारली.

"ही नवी माळ. असं कापत जोडत कुठल्या माळा होतील, कुठल्या कधीच होणार नाहीत, ते मी कागदावर मांडते. होणाऱ्या सगळ्या माळा मिळून एक भाषा."

"भाषा? आन् ती बोलतं कोण?"

"कुणीच नाही."

"मंग आपल्या घरासारकीच की."

शिवानीला हसू आलं, पण ते ओठातच राहिलं.

धोंडाबाईंनी नवी माळ उचलून बोटांनी चाचपली. जोड बेमालूम होता. मग त्यांची नजर चटईवर पडलेल्या तुकड्यांकडं गेली.

"आन् ह्ये?"

"ते उरलेलं. आमच्या पद्धतीत ते मोजत नाहीत."

बोलून गेल्यावर शिवानीचा हात थांबला. ती घाईनं म्हणाली, "दुसरी एक पद्धत आहे, आत्या. तीत उरलेलंही जोडतात. दोन्ही ठेवतात."

"तुजी कंची?"

शिवानीनं टोपलीतलं एक फूल उचललं, पुन्हा ठेवलं.

"नाव काय त्याचं?" धोंडाबाईंनी विचारलं.

"रघुवीर. भोरचे आहेत. पुण्यात शिकवतात. आता बंगळूरला चाललेत." ती थांबली. "मलाही तिथं नोकरी मिळालीय."

"आहेत. शिकवतात. चाललेत." धोंडाबाईंनी एकेक शब्द चिमटीत धरून बाजूला टाकला. "गोरखला भर पंगतीत अरे म्हणायचीस."

"तो अरेच होता, आत्या."

धोंडाबाई उठल्या. गुडघ्यांना शिव्या देत आत गेल्या आणि सुपात तांदूळ, नारळ, खण घेऊन आल्या. दारातूनच त्यांनी हाक मारली.

"साळे! ए साळूबाई! हात धू आन् हिकडं ये. हिची ओटी भर."

शेजारची साळूबाई पदराला हात पुसत आली आणि उंबऱ्यातच घोटाळली.

"हिची? अवो, पर ही तर..."

"ही काय? बोल की."

विधवेची ओटी भरत नाहीत आणि विधवेनं भरायचीही नाही, ही रीत आळीत सगळ्यांत कडक पाळली होती ती स्वतः विधवा असलेल्या धोंडाबाईंनीच. हळदीकुंकवाच्या दिवशी शिवानीला आतल्या खोलीत बसवणाऱ्याही त्याच.

"मला भरता आली असती तर तुला कशाला हाक मारली असती? लेक निगाल्यावर भरत्यात तशी भर."

शिवानीनं ओढणी पसरली. साळूबाईनं ओंजळीनं तांदूळ घातले, वर खण-नारळ ठेवला. शिवानीच्या डोळ्यांतलं पाणी नारळावर पडलं. तिला ते पुसायला हात मोकळा नव्हता.

ओटीतले चार दाणे लेकीनं माघारी टाकायचे असतात, पुन्हा येणं व्हावं म्हणून. शिवानीनं कशीबशी ओढणी एका हातात धरली आणि चिमूटभर तांदूळ सुपाकडं नेले.

धोंडाबाईंनी सूप मागं घेतलं.

"समदं ने," त्या म्हणाल्या. "हितं कुणासाटी ठिवतीस?"

आणि पाठ फिरवून त्या रिकामंच सूप पाखडायला लागल्या.