घड्याळाची चहाडी

ग्रंथपालबाईंच्या नवऱ्याला चाळिशी उलटल्यावर स्वातंत्र्याचा शोध लागला. या वयात बहुतेकांना गुडघ्यांचा लागतो. याला ते एका फुकटच्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये सापडलं.

घरातल्या एकुलत्या एका कॉम्प्युटरवर, जुन्या सिस्टीमच्या शेजारी, त्याने लिनक्स बसवली. आता बटण दाबलं की काळा पडदा येऊन विचारायचा, नवी की जुनी? दहा सेकंदांत उत्तर दिलं नाही तर नवीच सुरू व्हायची. याला तो निवडीचं स्वातंत्र्य म्हणत असे. नवीला प्रिंटर दिसत नव्हता, पण त्यात दोष प्रिंटरच्या गुलाम वृत्तीचा होता.

बाईंची हरकत नव्हती. पुस्तकांच्या नोंदी करायला त्यांना जुनी लागायची, आणि ती होती. कटकट एकच. नवऱ्याने नवी वापरली की पुढच्या वेळी जुनीतलं घड्याळ काही तास चुकलेलं असायचं.

"दोघींची वेळ ठेवायची पद्धत वेगळी आहे," तो म्हणाला. "चूक जुनीची."

चूक नेहमी जुनीचीच असे.

ऑफिसातले लोक त्याला येताना पाहून फोन कानाला लावू लागले. शेवटी बाईंच्या शाळेच्या मुख्याध्यापिकांनी त्याचं ऐकून घेतलं. फुकट हा शब्द त्यांना फारच भावला. शाळेतले सगळे कॉम्प्युटर पुसून फक्त नवी बसवायची, असं घाटू लागलं. सोमवारी नवऱ्याचं व्याख्यान आणि लगेच निर्णय.

सगळे म्हणजे ग्रंथालयातलाही. त्यात अकरा हजार पुस्तकांची यादी होती, पंधरा वर्षं बाईंनी एकेक करून भरलेली, आणि तो प्रोग्रॅम फक्त जुनीवर चालायचा.

"पुन्हा भरता येईल की," नवरा म्हणाला.

"तुम्ही भरणार?"

"अगं, मी तत्त्वाबद्दल बोलतोय. मी स्वतः तीन महिने जुनीला हात लावलेला नाही!"

शनिवारी दुपारी बाईंनी जुनी उघडली आणि घड्याळ अगदी बरोबर होतं. शुक्रवारीही होतं. गुरुवारीही. म्हणजे नवी सुरूच झाली नव्हती. मग हा माणूस रोज संध्याकाळी दार लावून कुठल्या स्वातंत्र्यात बसत होता? त्यांनी अलीकडच्या फायली पाहिल्या. ऐंशी स्लाइड होत्या. शीर्षक, 'जुन्या सिस्टीमला निरोप'.

"अहो, घड्याळ तीन दिवस बरोबर आहे," बाई म्हणाल्या.

नवऱ्याचा चेहरा खर्रकन उतरला. "नवीत अक्षरं स्लाइडबाहेर जात होती गं. तेवढ्यापुरतंच."

"मग सोमवारी मॅडमना तेवढंच सांगा."

"मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी बोलायला बोलावलंय," तो म्हणाला.

बाईंना वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. पण पंधरा वर्षं त्यांचीही होती.

"तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते."

सोमवारी तो तिसऱ्या स्लाइडपर्यंत झोकात गेला. मग समोर बसलेल्या बाईंकडे त्याची नजर गेली.

"खरं सांगतो," तो म्हणाला, "हे सगळं मी जुनीवर तयार केलंय. काही कामं अजून तिथेच होतात. काही पुसू नका, नवी शेजारी बसवा. आणि ग्रंथालयाला तर हातच लावू नका."

टाळ्यांचा कडकडाट झाला. इतका प्रामाणिक तज्ज्ञ आपण पाहिला नाही, असं मुख्याध्यापिका म्हणाल्या आणि त्यांनी त्याला दर महिन्याला यायचं आमंत्रण देऊन टाकलं.

घरी जाताना तो रस्ताभर प्रामाणिकपणावर बोलत होता.

"खरं बोलायला कुणी भाग पाडावं लागत नाही," त्याने सांगितलं. "ते आतून यावं लागतं. तुला नाही कळायचं."

"खरंय," बाई म्हणाल्या. त्यांची यादी जागच्या जागी होती. तेवढ्यासाठी हे जन्मभर ऐकायची त्यांची तयारी होती.