घशाची साक्ष

"खरं सांगा, कुणाकडे खाल्लंत?"

चवकाका पलंगाच्या कडेला पाय सोडून बसले होते आणि उजव्या पायाच्या अंगठ्याकडे असे बघत होते, की तो जसा काही शेजाऱ्यांचाच आहे आणि चुकून यांच्याकडे राहायला आलाय. रात्रीतून तो फुगून लालबुंद झाला होता. वरची कातडी ताणून चकाकत होती. पंख्याचा वारा लागला तरी कळ मस्तकात जात होती. बायको कमरेवर हात ठेवून समोर उभी होती.

"कुणाकडे म्हणजे?"

"कुणाच्या तरी डब्यातलं. मटण, नाहीतर मासळी. माझ्याकडे बघून सांगा."

"अगं, खाल्लं असतं तर निदान चव तरी आठवली असती!"

"मग हा असाच सुजला होय? हवा खाऊन?"

काकांनी पाय पंख्याच्या वाऱ्याखालून बाजूला घेतला. दीड वर्षापूर्वी अंगठा पहिल्यांदा असा पेटला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, याला गाउट म्हणतात. रक्तात युरिक अ‍ॅसिड वाढलं की त्याचे सुईसारखे बारीक खडे सांध्यात जाऊन बसतात. मटण, कलेजी, मासळी जपून खा, दारू नको. दारूला काकांनी जन्मात हात लावला नव्हता. बाकीचं बायकोने हातात घेतलं, आणि तिने एखादी गोष्ट हातात घेतली की ती अर्धी राहत नसे. मटण आणि मासळी पहिल्याच दिवशी गेली. नणंदेने फोनवर सांगितलं म्हणून डाळी गेल्या. शेजारणीच्या चुलतभावाचा अनुभव म्हणून पालक, फुलकोबी, वाटाणे गेले. टोमॅटो का गेला ते आता कुणालाच आठवत नव्हतं. उरला दुधी. दुधीच्या भाजीला तिने इतकी सोंगं दिली की बहुरूप्यानेही हात टेकावेत.

आणि जे काकांना बंद, ते तिने स्वतःलाही बंद केलं. "दोन-दोन स्वयंपाक करायला मी काय खानावळ उघडलीय?" असं ती म्हणायची. पण नवऱ्याच्या पानात दुधी वाढून आपण समोर बसून डाळ ओरपावी, हे तिच्या घशाखाली उतरलं नसतं, एवढंच खरं कारण होतं. आणि डाळ तिला जिवापाड आवडायची.

म्हणून तिचा संशय काकांना अंगठ्यापेक्षा जास्त झोंबला.

"आज घरी राहा," ती जरा नरमून म्हणाली.

"संत्री आलीत. माल थांबत नाही."

"माल थांबत नाही, अंगठा चालत नाही. मधल्या मध्ये माझं मरण!"

तरी तिनेच जुन्या चपलेचा पुढचा पट्टा कात्रीने कापून दिला. कारखान्याचा टेम्पो कोपऱ्यावर आला, तेव्हा काका एका पायात बूट आणि एका पायात ती कापलेली चप्पल घालून, ड्रायव्हरच्या खांद्याला धरून वर चढले. जेवणाचा डबा मात्र ओट्यावरच राहिला. तो राहिला की कुणी राहू दिला, हे पुढे कळेलच.

कारखाना सरबतांचा होता. फार मोठा नाही. पुढे बाटल्या धुण्याची खोली, मध्ये भट्ट्या, मागे भरण्याचं आणि बूच लावण्याचं काम. काका तिथे हमाल म्हणून लागले होते. फळांची खोकी उतरवताना एकदा ते सहज म्हणून गेले, "आजचा पाक जरासा कडसर आहे." मालकांची आई तेव्हा हयात होती, कारखाना तीच चालवायची. तिने दुसऱ्या भट्टीतलं पाजून पाहिलं, तिसऱ्या भट्टीतलं पाजून पाहिलं आणि त्या दिवसापासून खोकी दुसऱ्याने उतरवली. तेव्हापासून एकही भट्टी काकांनी मान हलवल्याशिवाय उतरली नव्हती. खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं कुणीतरी वाचायचं. एरवी सगळ्यांचे चवकाका.

म्हातारीने त्यांना एकच गोष्ट शिकवली होती. "जीभ लबाड असते रे. गोड लागलं की खूश होते, पुढचं विचारत नाही. घोट खाली उतरू दे. सालीचा कडूपणा, पाक करपल्याची खरखर, हे घसा सांगतो. घशाची साक्ष खरी." म्हणून त्या कारखान्यात चाखलेलं थुंकायची पद्धत नव्हती. कुणी थुंकलं तर भट्टीवाल्याला ती शिवी वाटायची.

त्या दिवशी दुपारी काका स्टुलावर बसले होते. सुजलेला पाय उलट्या खोक्यावर. भट्टीवाल्याने पेल्यात सरबत आणून दिलं. काकांनी डोळे मिटून घोट घेतला, थांबले, दुसरा घेतला. मग ताडून बघायला कालच्या मालाचा पेला. मग पुन्हा आजचा.

"अजून जरा उकळी," ते म्हणाले. डोळे उघडले तर दारात बायको. हातात डबा.

ती आली होती चोर पकडायला. कुणाच्या डब्यात कुणाचा हात जातो ते बघायला. पण डबे अजून उघडलेही नव्हते, आणि ती ज्याच्याकडे बघत होती ते भलतंच होतं.

"हे काय पिताय?"

"पीत नाहीये. चाखतोय."

"दोन पेले रिकामे दिसतायत मला."

"अगं, हे काम आहे!"

"रोज?"

"रोज म्हणजे काय, प्रत्येक भट्टीला."

एवढ्यात मीटरबाई आल्या. या चष्मेवाल्या, दोन मुलांची आई असलेल्या बाई पाकातली साखर यंत्रावर मोजायच्या. काकांचं आणि त्यांचं छान जमायचं, कारण आकडा बाईंचा आणि चव काकांची, अशी वाटणी केव्हाच ठरली होती. बायकोने त्यांनाच गाठलं.

"बाई, तुम्ही मोजता ना? मग मला सांगा, हे दिवसभरात किती चाखतात?"

मीटरबाईंनी काकांकडे पाहिलं. काकांनी छताकडे.

"सीझनला… बाटलीभर होत असेल, काकू."

"आणि बाटलीत साखर किती?"

बाईंनी बोटांवर हिशेब केला. "दोन वाट्या तरी धरा."

बायको शेजारच्या रिकाम्या खोक्यावर मटकन बसली. डबा मांडीवर.

"मी दीड वर्ष डाळीचं तोंड पाहिलं नाही," ती अगदी हळू म्हणाली. ती हळू बोलली की काकांना जास्त भीती वाटायची. "शेजारीण वाटाणे सोलताना दिसू नये म्हणून मी खिडकी लावून घेते. आणि तुम्ही इथे साखरेत पोहताय!"

"पण मी तर चहासुद्धा बिनसाखरेचा घेतो!"

हे खरं होतं. तोंड स्वच्छ राहावं म्हणून काका घरी गोडाला शिवत नसत. नवऱ्याला गोड आवडत नाही, असं ती माहेरी सांगायची. आणि काकांनी तरी काय लपवलं होतं? चाखणं म्हणजे खाणं, हे त्यांच्या कधी मनातच आलं नव्हतं. सुताराने लाकूड कापलं म्हणून त्याने ते खाल्लं असं कुणी म्हणतं का?

भट्टीवाला गालातल्या गालात हसत होता. बायकोने त्याच्याकडे असं पाहिलं की तो एकदम जाळ बघायला वाकला.

संध्याकाळी दोघं डॉक्टरीणबाईंसमोर बसली. बायकोने फिर्याद मांडली. बाईंनी अंगठा पाहिला, सगळं ऐकून घेतलं आणि पेन खाली ठेवलं.

"काका, तुम्ही काय खाता ते मी मागे विचारलं होतं. काय पिता ते विचारायचं राहिलं. चूक माझीही आहे."

"पण ते चाखणं…"

"पोटाला काय कळतं तुम्हाला पगार कशाचा मिळतो ते? घोट खाली गेला की गेला. साखरेत जो फळांतल्या साखरेसारखा भाग असतो ना, तो शरीरात मोडताना युरिक अ‍ॅसिड वाढवतो. आणि गोड पेयं तर भराभर जातात. मटण सोडून तुम्ही पुढचं दार लावलंत, मागचं सताड उघडं."

"म्हणजे हे साखरेनंच झालं?" बायकोने विचारलं.

"एकट्या साखरेवर नका ढकलू. वडिलांना होता?"

"होता," काका म्हणाले. "म्हातारपणी काठीशिवाय चालले नाहीत."

"मग थोडं तिकडून आलंय. नुसत्या पथ्यानं हे खाली येत नाही. गोळी रोज घेताय ना?"

आता छताकडे बघायची पाळी पुन्हा काकांची होती. दुखायचं थांबल्यावर गोळी कशाला, म्हणून त्यांनी ती परस्पर बंद केली होती. बायकोची मान त्यांच्याकडे सावकाश वळली.

"घरी बोलू आपण," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाई हसू दाबून लिहू लागल्या. आधी ही सूज उतरवायचं औषध, मग रोजची गोळी, दुखो न दुखो. पाणी भरपूर. मटण-मासळी अधूनमधून, बेतानं. "आणि डाळी, भाज्या का सोडल्यात? त्या खुशाल खा."

"डाळ चालेल?" बायकोने इतक्या घाईने विचारलं की काकांनी वळून तिच्याकडे पाहिलं.

"चालेल. सरबत नाही चालणार. चाखा आणि थुंका."

थुंका. बाईंच्या दृष्टीने तो एक शब्द होता, काकांच्या दृष्टीने अर्धा धंदा. घसाच वगळला तर साक्ष कुणाची घ्यायची? आणि साक्ष नसेल तर त्या स्टुलावर बसायचं कशाला? खोकी उतरवायचं वय केव्हाच मागे पडलं होतं.

त्या रात्री घरात डाळ शिजली. बायकोने पहिला घास सावकाश खाल्ला. दुसऱ्याला डोळे पुसले, आणि "लसूण जळाला वाटतं जरा," असं म्हणाली. लसूण अजिबात जळला नव्हता. हे काकांइतकं कोण जाणणार! त्यांनी आपल्या पानातली अर्धी डाळ तिच्या वाटीत ओतली.

"मी संशय घेतला तुमच्यावर," ती म्हणाली.

"बरं झालं घेतलास. नाहीतर मी मेलो असतो दुधी खाऊन."

"जीभ फार चालतेय!"

"तेवढीच ठेवलीय डॉक्टरीणबाईंनी."

ती हसली नाही. भांड्यातली पळी तिने नुसतीच फिरवली. मग म्हणाली, "थुंकून काम नाहीच जमलं तर नाही. पण अंगठा घेऊन परत रात्रभर कण्हायचं नाही. मला बघवत नाही."

आठवड्याभराने सूज उतरली आणि काका दोन्ही पायांत बूट घालून कामावर गेले. मीटरबाईंनी स्टुलापाशी एक स्टीलचा डबा ठेवला होता, वर स्वच्छ फडकं. भट्टीवाल्याने पेला पुढे केला आणि बाटल्या मोजायच्या निमित्ताने पाठ फिरवली.

काकांनी घोट घेतला. तोंडात घोळवला, टाळ्याला लावला, जिभेच्या कडांना लावला. मग फडकं बाजूला करून वाकले आणि थुंकले. वाट बघितली. जिभेने सांगितलं, छान. घसा कोरडा, मुका.

दुसऱ्यांदा घेतला. तेच.

"उतरवू का, काका?" भट्टीवाल्याने विचारलं. माल घट्ट होत चालला होता.

हो म्हटलं असतं तर कुणाला कळलं नसतं. निदान त्या दिवशी तरी नाही. काकांनी पेला खाली ठेवला.

"मला कळत नाहीये," ते म्हणाले.

इतक्या वर्षांत हे वाक्य त्या खोलीत कुणी ऐकलं नव्हतं, आणि कुणीकडे बघावं ते कुणाला सुचेना. शेवटी मीटरबाई चष्मा सावरत पुढे आल्या.

"माझं यंत्र साखर ठीक दाखवतंय. पण काका… मी प्यायले तर? मी सांगते काय वाटतं ते. तुम्ही अर्थ लावा."

काकांनी पेला उचलून त्यांच्या हातात दिला. मग स्टुलावरून उठले आणि स्टूल त्यांच्याकडे सरकवलं.

"बसा. डोळे मिटा. घाई करू नका. लहान घोट."

बाईंनी डोळे मिटले.

"आत्ता बोलू नका. जीभ काय म्हणते ते सोडून द्या, ती लबाड असते. खाली जाऊ दे. हां. आता घशात काय?"

"जरा… ओढल्यासारखं."

"वर, की खाली?"

"खाली. अगदी शेवटी."

"लगेच गेलं, की राहिलं?"

"थांबा… गेलं वाटतं. नाही, आहे थोडं."

"अजून एक घ्या. फार नको, अगदी थेंबभर."

बाईंनी पेला पुन्हा ओठांना लावला. काका त्यांच्यासमोर उभे राहिले, हात मागे बांधून, मान किंचित पुढे. बाईंचा घोट सावकाश उतरला, आणि त्याबरोबर काकांच्याही गळ्याची घाटी वर गेली आणि खाली आली, रिकामीच.